गोठविलेला नाद

आमच्या भाच्याच्या खोलींत जमिनीवर धातूची एक लहानशी डबी पडलेली असते. आकारानें ती पानसुपारीच्या डबीहून फारशी मोठी नाहीं. तिला एका बाजूनें एक वायर येऊन मिळते, दुसऱ्या बाजूनें एक निघते, आणि पाठीवर पायानें दाबावयाचें एक बटण आहे. भाचा गिटार वाजवितो. साधी नव्हे, विजेवर चालणारी. गिटारीवर एखादा सूर छेडावा, तो कानांत भरला असतांना ह्या बटणावर पाय द्यावा, कीं तो सूर आहे त्या स्थितींत थांबतो. थांबतो म्हणजे बंद पडतो असें नव्हे. उलट तो मुळीं बंदच पडत नाहीं. तारेचें कंपन विझून जातें, वाजविणाऱ्याचा हात दुसऱ्या सुरांकडे वळतो, पण धरलेला सूर पाठीमागें तसाच, ना वाढत ना घटत, भरून राहतो. दहा मिनिटें म्हणा, दहा तास म्हणा. वीज आहे तोंवर त्याला मरण नाहीं. इंग्रजींत ह्या करामतीला ‘फ्रीझ’ म्हणतात. आम्ही तिला गोठविणें म्हणूं.

प्रथम आम्हांला ही एक गंमत वाटली. पुढें ती गंमत राहिली नाहीं. आणि त्याचें कारण सांगितल्यावांचून प्रस्तुत लेखाचें प्रयोजन वाचकांच्या ध्यानांत यावयाचें नाहीं. भाच्याची आई, म्हणजे आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांना आम्ही सर्वजण अक्का म्हणत असूं, त्या दोन वर्षांपूर्वीं वारल्या. त्या गात असत. मैफलींत नव्हे, घरांतच. पहाटे चहा होण्यापूर्वीं त्या आपला मिरजेचा तंबोरा घेऊन बसत, आणि त्या घरांत ज्या कोणाला जाग येई त्याला ती तंबोऱ्याच्या नादानेंच येई. त्या गेल्यावर तंबोरा गवसणी चढवून कोपऱ्यांत उभा केला गेला. गेल्या पावसाळ्यांत एके संध्याकाळीं आम्ही त्यांच्याकडे गेलों असतां जिन्यांतच आमचे पाय थबकले. वरून तंबोरा ऐकूं येत होता. आंत जाऊन पाहतों तों गवसणी काढलेली, तंबोरा भिंतीला टेकलेला, आणि त्याला कोणाचाही हात लागलेला नाहीं. भाच्यानें त्यापुढें मायक्रोफोन ठेवून चारी तारा एकवार छेडल्या होत्या, डबीवर पाय दिला होता, आणि त्या थांबलेल्या नादावर तो आपली गिटार वाजवीत बसला होता. आमचे मेहुणे बाहेर गॅलरींत खोलीकडे पाठ करून बसले होते. हें रोज असेंच चालतें, असें मागाहून कळलें.

आम्हांला राग आला. “अरे, हा तंबोरा नव्हे, हें तंबोऱ्याचें प्रेत आहे,” असें आम्ही बोलून गेलों. त्यानें वाजविणें न थांबवितां उत्तर दिलें, “मामा, प्रेत वाजत नाहीं.”

ह्यावर आम्हांला कांहीं सुचलें नाहीं. वर्गांत एखाद्या विद्यार्थ्यानें असें निरुत्तर केलें तर दुसऱ्या दिवशींच्या तासाला आम्ही उत्तर घेऊन जातों. ह्या उत्तराला मात्र जवळजवळ एक वर्ष लागलें, आणि तेंही पुरतें सांपडलें असें आम्ही छातीठोकपणें म्हणूं शकत नाहीं. जें स्वभावानेंच सरणारें आहे त्याला सरूं न देणें ह्यांत कांहीं वावगें आहे काय? आणि असलें तर तें नेमकें कशांत आहे? प्रश्न एका डबीचा आहे, परंतु तो डबीपाशीं थांबत नाहीं.

आधीं ही करामत होते कशी तें पाहूं. कारण यंत्राची माहिती करून न घेतां यंत्रावर नीतीचे ताशेरे ओढणें ही आमच्या पेशाची जुनी खोड आहे. सूर मरतो तो दोन ठिकाणीं मरतो. पहिला तारेवर. दुसरा ज्या खोलींत तो वाजला तिच्या भिंतींवर. तार थांबली तरी भिंतींवरून परतणारे तरंग कांहीं काळ फिरत राहतात, हाच घुमारा. त्याचें शास्त्र प्रथम नीट बसविलें तें वॉलेस सेबाइन ह्या अमेरिकन प्राध्यापकानें. १८९५ सालीं हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयांतील व्याख्यानगृह बांधून तयार झालें, पण तेथें वक्त्याचें बोलणें कोणाला समजेना. कारण उच्चारलेला शब्द सुमारें साडेपांच सेकंद घुमत राही, आणि तेवढ्या वेळांत वक्ता पुढचे दहापंधरा शब्द बोलून गेलेला असे. सेबाइननें शेजारच्या नाट्यगृहांतील आसनांच्या गाद्या रात्रीं आणून, त्या कमीअधिक मांडून, घुमारा किती वेळ टिकतो तें मोजलें. गाद्यांनीं, पडद्यांनीं व माणसांच्या अंगावरील कपड्यांनीं आवाज शोषला जातो, आणि जितकें शोषण अधिक तितकें घुमाऱ्याचें आयुष्य थोडें, हा त्याचा निष्कर्ष. त्याच्या सल्ल्यानें बांधलेलें बोस्टनचें सिंफनी हॉल १९०० सालीं उघडलें, आणि तें आजही जगांतील उत्तम वाद्यगृहांत गणलें जातें. साडेपांच सेकंदांच्या घुमाऱ्याचा प्राध्यापकांना त्रास झाला आणि त्यांतून संगीताची सोय झाली, ही गोष्ट आमच्या वर्गाच्या इतिहासांत नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

गिटारवाल्यांना मात्र घुमारा हवाच असतो. विजेच्या गिटारीचें खोड भरींव लाकडाचें. तिला सतारीसारखा भोपळा नाहीं कीं साध्या गिटारीसारखी पोकळ पेटी नाहीं. तिचा सूर उघडा, कोरडा निघतो. म्हणून त्याला उसनी खोली देण्याच्या युक्त्या निघाल्या. १९६३ सालीं फेंडर कंपनीनें गिटारीच्या ध्वनिवर्धकांतच स्प्रिंगा बसविल्या; सूर त्या स्प्रिंगांतून हेलकावे खात बाहेर पडे आणि दिवाणखान्यांत वाजविणाऱ्याला आपण देवळांत वाजवितों असें वाटे. त्याच सुमारास, १९६१-६२ सालीं, बेल प्रयोगशाळेंतील मान्फ्रेड श्रोएडर ह्या शास्त्रज्ञानें भिंतीही नकोत आणि स्प्रिंगाही नकोत, नुसत्या गणितानें घुमारा करतां येतो असें दाखविलें. आवाज क्षणभर रोखून धरावयाचा, मग त्याचा कांहीं अंश पुन्हां आरंभाला नेऊन सोडावयाचा, त्याचा पुन्हां कांहीं अंश, आणि असेंच पुढें. समजा, दर फेरीला मूळ आवाजाचे शंभरांपैकीं ७० भाग परत पाठविले आणि एका फेरीला सेकंदाचा विसावा हिस्सा लागला. तर सुमारें २० फेऱ्यांत, म्हणजे सुमारें एका सेकंदांत, तरंगाची उंची मूळच्या हजाराव्या हिश्श्यावर येते आणि कानाच्या दृष्टीनें आवाज संपतो. ७०च्या जागीं ९० पाठवा. तो अधिक टिकेल. १०० पाठवा, आणि बाहेरून नवा आवाज आंत येण्याची वाट बंद करा. तो कधींच संपणार नाहीं. घुमारा गोठविणें तें एवढेंच. भाच्याकडची डबी न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीनें २०१० सालीं काढली. ती ह्याहून थोडें निराळें करते. ती घुमारा धरीत नाहीं, सुराचा एक बारीकसा तुकडा उचलते आणि त्याचीं टोकें एकमेकांना अशा बेमालूमपणें जोडून फिरवीत राहते कीं सांधा कानाला लागत नाहीं. फळ एकच.

आमच्या जुन्या दर्शनांचा ज्यांनीं थोडाबहुत अभ्यास केला असेल त्यांना हें वर्णन वाचतांना ओळखीचें वाटलें असेल. नैयायिकांचें मत असें कीं शब्द क्षणिक आहे. उत्पन्न झालेला पहिला शब्द आपल्यासारख्याच दुसऱ्याला जन्म देतो आणि नाहींसा होतो, दुसरा तिसऱ्याला. पाण्यावरील एका लाटेंतून दुसरी उठावी तसा तो कानापर्यंत येतो आणि शेवटला शब्द निपुत्रिक मरतो. ह्यालाच ते वीचीतरंगन्याय म्हणतात. श्रोएडरची रचना हा त्या न्यायाचा जणूं चालता नमुना. मीमांसक उलट म्हणतो कीं शब्द नित्य आहे. उच्चारानें तो उपजत नाहीं, केवळ प्रकट होतो. तेव्हां शंभरांपैकीं शंभर भाग परत पाठविणारी ही डबी पाहून मीमांसकानें जयघोष करावा असें कोणास वाटेल. आमच्या मतें तो करणार नाहीं. त्याचा नित्य शब्द बहुतेक काळ अप्रकटच असतो. बोलणारा बोलेल तेव्हां तो प्रकटतो, बोलणें सरलें कीं मागें सरतो, आणि म्हणून दुसऱ्या शब्दाला जागा मिळते. जो शब्द एकसारखा प्रकटच राहील तो नित्य असेल, पण त्यांतून वाक्य होणार नाहीं.

घुमाऱ्यासाठीं आमच्याकडे एक जुना सुंदर शब्द आहे: अनुरणन. नवव्या शतकांत आनंदवर्धनानें ध्वनीचा सिद्धांत मांडला तेव्हां त्याला हाच दृष्टांत सुचला. घंटेवर टोला पडतो, आणि टोल्यामागून झंकार येतो. तसा वाच्य अर्थामागून व्यंग्य अर्थ येतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हें आम्ही गेलीं कित्येक वर्षें शिकवीत आलों. परंतु झंकार हा केवळ टोल्याच्या मागून येतो एवढ्यानें तो मनाला ओढीत नाहीं, तर तो जातां जातां येतो म्हणून ओढतो, ही गोष्ट भाच्याच्या खोलींत उभे राहीपर्यंत आमच्या लक्षांत आली नव्हती. देवळांतली घंटा वाजली कीं कान तिच्या मागोमाग थोडें अंतर चालत जातात. गोठविलेला झंकार कानाला कोठेंच नेत नाहीं. पहिल्या मिनिटाला तो भव्य वाटतो, पांचव्या मिनिटाला तो ऐकूंच येईनासा होतो, आणि एकदम बंद केला म्हणजेच तो होता हें पुन्हां जाणवतें.

येथें आमचे कांहीं मित्र म्हणतील कीं एवढा खटाटोप कशाला? ही वस्तु कृत्रिम आहे, एवढें म्हटलें कीं झालें. हा आक्षेप आम्हांला मुळींच मान्य नाहीं. तंबोरा झाडाला लागत नाहीं. सतारीच्या तरफेच्या तारा म्हणजे वाद्याच्या पोटांत बसविलेला घुमाराच होय. शिवकुमार शर्मा ह्यांनीं संतूर हातीं घेतला तेव्हां त्याचा सूर टिकत नाहीं, ही त्याची उणीव मानली जात होती. त्यांनीं काठ्या तारेवर घरंगळवून सूर लांबविण्याची रीत बसविली आणि तेंच वाद्य मैफलीचें झालें. पेटीचें उदाहरण तर प्रसिद्धच आहे. परक्या बनावटीची, मींड न निघणारी म्हणून १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला दार बंद केलें, आणि तें जवळजवळ तीस वर्षें पुरतें उघडलें नाहीं; तेवढ्या काळांत घरोघरच्या मुली पेटीवरच गाणें शिकल्या. कृत्रिमपणा हा गुन्हा धरला तर सगळ्याच वाद्यांना तुरुंगांत पाठवावें लागेल. शिवाय एकट्यानें वाजविणाऱ्या गिटारवाल्याला ही डबी म्हणजे मोठा सोबती आहे. त्याला मागें सूर धरणारा कोणी नसतो. आतां तो स्वतःच्याच एका सुरावर उभा राहून दुसरें कांहीं बोलूं शकतो. बिल फ्रिसेल ह्या अमेरिकन वादकानें सोळा सेकंद आवाज सांठविणाऱ्या अशाच एका जुन्या यंत्राचा इतका सुंदर उपयोग केला आहे कीं त्याच्यापुढें कृत्रिमतेचा मुद्दा काढणें असभ्यपणाचें होईल.

मग खटकतें काय? आम्ही पुष्कळ दिवस विचार केला, आणि आम्हांला आठवण झाली ती लग्नांतल्या सनईवाल्यांची. सनईच्या ताफ्यांत एक मुख्य वाजविणारा असतो, आणि त्याच्या शेजारीं एकजण नुसता सूर धरून बसलेला असतो. गाल फुगवून, नाकानें श्वास घेत, तो तासन् तास एकच सूर फुंकतो. वऱ्हाडी त्याच्याकडे पाहत नाहींत. पण तो दमला कीं सनई पोरकी होते. अक्कांच्या तंबोऱ्याचेंही तेंच. तो वाजत राहतो असें आपण म्हणतों; वास्तविक तो दर वेळीं विझतो आणि दर वेळीं बोट त्याला पुन्हां चेतवितें. पेटीवाल्याचा डावा हात भाता हलवीत असतो. आजवर जेथें जेथें सूर अखंड राहिला तेथें तेथें कोणीतरी तो वाहत होता, आणि वाहणाऱ्याला थकवा होता. थकवा हीच त्या सुराची मर्यादा. गोठविलेल्या नादाला वाहणारा नाहीं. म्हणून त्याला थकवाही नाहीं, आणि तो आपला आपण कधीं सरतही नाहीं. आतां जो सूर आपला आपण सरत नाहीं त्याला सरविण्याचें काम कोणाला तरी करावें लागतें. पूर्वीं हें काम तार करी, भिंती करीत, फुफ्फुसें करीत. वादकाला त्याचा विचार करण्याचें कारण नव्हतें. आतां तें त्याच्या पायाखालीं आलें आहे. सुराला जन्म देणें ही कला होती. त्याला निरोप देणें हें आतां कर्तव्य झालें, आणि हें कर्तव्य विसरतां येण्याजोगें आहे.

तें किती विसरतां येतें ह्याचा एक नमुना जर्मनींत आहे. जॉन केज ह्या अमेरिकन संगीतकारानें १९८७ सालीं ऑर्गनसाठीं एक रचना सिद्ध केली आणि ती शक्य तितक्या सावकाश वाजवावी अशी सूचना दिली. किती सावकाश तें त्यानें सांगितलें नाहीं. त्याच्या मृत्यूनंतर हाल्बरश्टाट गांवच्या मंडळींनीं ती ६३९ वर्षें वाजवावयाची ठरविली. २००१ सालीं तेथील एका जुन्या चर्चमध्यें प्रारंभ झाला. पहिले सतरा महिने नुसता विराम होता, आणि पहिला सूर २००३च्या फेब्रुवारींत निघाला. शेवट २६४० सालीं व्हावयाचा आहे. वाजविणारा कोणी नाहीं. पट्ट्यांवर वाळूच्या लहान पिशव्या ठेवून सूर धरलेले आहेत. ह्या प्रकाराला हंसावें असें आम्हांलाही प्रथम वाटलें. परंतु एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. लोक तेथें दूरदूरून जातात ते सूर बदलावयाच्या दिवशीं. ५ फेब्रुवारी २०२४ला तसा बदल झाला तेव्हां चर्चमध्यें गर्दी होती. वर्षानुवर्षें वाजणाऱ्या सुरासाठीं नव्हे, त्या बदलाच्या क्षणासाठीं माणसें आलीं. त्या मंडळींनीं सूर पिशव्यांच्या हवालीं केला खरा, पण त्याचा शेवट मात्र पंचांगांत लिहून ठेवला. त्यांचा नाद गोठलेला आहे, बेवारशी नाहीं.

ह्याच्या उलट टोंकाला पॉलिन ऑलिव्हेरॉस ह्या बाईंचा प्रयोग. त्या अकॉर्डियन वाजवीत. १९८८ सालीं त्या आपल्या दोन सोबत्यांसह वॉशिंग्टन राज्यांतील फोर्ट वर्डन येथील जमिनीखालच्या रिकाम्या हौदांत उतरल्या. त्या हौदांत घुमारा ४५ सेकंद टिकतो. विजापूरचा गोल घुमट ज्यांनीं पाहिला आहे त्यांना ह्याची थोडी कल्पना येईल. तेथें वरच्या सज्जांत टाळी वाजविली तर ती आपल्याला पुन्हां पुन्हां परत मिळते आणि सहलीला आलेली पोरें शिक्षकांच्या नांवानें ओरडून घेतात. परंतु ४५ सेकंद ही गोष्ट निराळी. तेथें वाजविलेला सूर पाऊण मिनिट मागें घेतां येत नाहीं. चुकला असला तर ती चूक पाऊण मिनिट सर्वांच्या डोक्यावर फिरत राहणार, आणि पुढचा सूर तिच्याशीं जुळवून घ्यावा लागणार. ज्याला तेथें वाजवावयाचें त्याला आधीं ऐकावें लागतें.

डबीवाल्या वादकांनाही हा धडा लवकरच मिळतो, असें भाच्याच्या बोलण्यावरून कळलें. तार छेडतांक्षणींच पाय दिला तर आघाताचा कर्कश भाग धरला जातो. अंमळ थांबावें लागतें. तार किंचित् उतरलेली असेल तर तो बेसूरपणाही तितक्याच इमानानें धरला जातो. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे धरावें काय. षड्ज आणि पंचम धरले तर त्यांवर पुष्कळ कांहीं वाजवितां येतें. गांधार धरला कीं संपलें. तो शुद्ध असेल तर कोमलाकडे जातां येत नाहीं, कोमल असेल तर शुद्धाकडे. तेव्हां जाणते लोक थोडेंच धरतात, आणि तेंही असें कीं ज्यानें पुढच्या सुरांची वाट अडणार नाहीं. आमच्या तंबोऱ्याच्या चार तारा ज्यांनीं ठरविल्या त्यांनीं हाच विवेक केला होता.

पण गांधाराचें नांव निघालें म्हणजे आम्हांला अक्कांकडे परत यावें लागतें. तंबोऱ्यांत गांधाराची तार नसते, तरी चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यांत गांधार ऐकूं येतो. खर्जाची तार छेडली कीं घोडीवरील दोऱ्याच्या योगानें तिच्यांतून एकामागून एक वरचे सूर उमलत जातात, आणि त्यांत तो क्षणभर उमटतो व निघून जातो. गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. अक्का म्हणत, तो कानीं पडल्याखेरीज मी तोंड उघडीत नाहीं. कांहीं दिवशीं तो लवकर येई, कांहीं दिवशीं दोरा सारून सारून त्या थकत. आम्ही भाच्याला म्हटलें, “तुझ्या धरलेल्या नादांत तो कोठें आहे तें मला दाखव.” त्यानें पुष्कळ वेळ कान देऊन ऐकलें. एका धरलेल्या नादांत तो होता, पण सारखाच होता, भिंतीवरील डागासारखा. दुसऱ्यांत तो नव्हताच, आणि कितीही वेळ थांबलें तरी यावयाचाच नव्हता. डबी एक क्षण धरते. गांधार हा त्या क्षणाचा नव्हे, एका क्षणाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा आहे. अब्दुल करीमखाँसाहेब १९३७ सालीं वारले, त्यांच्या ध्वनिमुद्रिका आम्ही आजही ऐकतों, आणि त्यांत आम्हांला कधीं कांहीं वावगें वाटलें नाहीं. त्याचें कारण आतां कळतें. मुद्रिका गाणें जपते तें त्याच्या चालीसकट जपते. तीन मिनिटांनीं तें संपतें तेंही जपलेलें असतें. डबी चाल टाकून देते आणि पाऊल जपते.

येथवर आम्ही जें लिहिलें तें भाच्याला एका रविवारीं बोलून दाखविलें. तो कांहीं वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मामा, तुमचें पटतें. पण सोडूं केव्हां, तें सांगा.” आम्हांला तें सांगतां आलें नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर त्या पहिल्या संध्याकाळचा आमचा राग तत्त्वाचा नव्हता. जिन्यांत तो नाद ऐकून आम्हांला अर्धा क्षण वाटून गेलें होतें तें आम्हांला सोसलें नाहीं, आणि त्याचा सूड आम्हीं पोरावर उगविला. तो सूर धरून बसला होता. आम्ही तर त्या घरीं जाणेंच कमी केलें होतें. दोहोंत अधिक भेकड कोण, हें वाचकांनीं ठरवावें.

त्या डबीवर एक छोटी कळ आहे, तिला तीन जागा आहेत. एका जागीं ठेवली तर बटण एकदां दाबून पाय काढून घेतां येतो. सूर आपला धरलेलाच राहतो, पुन्हां दाबलें कीं त्याच्या जागीं नवा सूर धरला जातो, आणि लागोपाठ दोनदां दाबलें म्हणजे सुटतो. उरलेल्या दोन जागीं पाय दाबलेला आहे तोंवरच सूर राहतो. पाय उचलला कीं एका जागीं तो चटकन् जातो, दुसऱ्या जागीं सावकाश. भाचा नेहमीं पहिल्या जागेचा उपयोग करी. यंदां अक्कांच्या श्राद्धाच्या दिवशीं संध्याकाळीं घरचींच सातआठ माणसें बसलीं होतीं. त्यानें तंबोऱ्याच्या तारा छेडल्या, खर्ज उमलूं दिला, आणि पाय दिला. तो गिटारीवर बराच वेळ वाजवीत होता. काय वाजविलें तें सांगण्याइतकें आम्हांला त्या संगीतांतलें कळत नाहीं. आमचें लक्ष त्याच्या पायाकडे होतें. अर्ध्या तासानें तो पाय थरथरूं लागला तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं त्यानें कळ हलविली आहे. त्यानें आणखी थोडें वाजविलें, आणि पाय उचलला.

नाद हळूहळू गेला. गिटार बाजूला ठेवून तो तंबोऱ्याकडे गेला, मांडी घालून बसला, आणि तंबोरा मांडीवर घेऊन तारा छेडूं लागला. पावसाळी हवेनें खर्ज उतरला होता. त्याला खुंटी पिळण्याची संवय नव्हती. ती एकदां सुटून परत फिरली. आमचे मेहुणे गॅलरींतून आंत आले, त्याच्या शेजारीं सतरंजीवर बसले, आणि कान तंबोऱ्याच्या भोपळ्याशीं नेऊन म्हणाले, “अजून थोडा चढव.”